धावपट्टीवरचं बिऱ्हाड

आफ्रिकेतल्या लहान विमानांच्या जगात वजनकाटा कुणालाच चुकत नाही. गावचा प्रमुख, अडलेली बाळंतीण, लसींचा खोका, पाद्रीबाबा, सगळ्यांना आधी काट्यावर चढावं लागतं. सेसना २०६ हे सहा आसनी विमान उड्डाणाच्या वेळी साधारण १,६३० किलोपेक्षा जड असून चालत नाही. विमान, इंधन, माणसं, मक्याचं पोतं आणि पाय बांधलेली कोंबडी, सगळं त्याच आकड्यात बसवावं लागतं. इतरांच्या सामानाचा हा हिशेब वर्षानुवर्षं करणारा मिशनरी वैमानिक दर काही वर्षांनी स्वतःच्या बिऱ्हाडाचं वजन करायला बसतो. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलोच्या आत.

बाकी सगळं मागे राहणार असतं. फ्रिज आणि पलंग दुसऱ्या कुटुंबाच्या हवाली होतात. कुत्रा शेजाऱ्यांकडे जातो. मुलांच्या सायकली कुणाला द्यायच्या यावरून घरात रडारड होते. हँगरमध्ये पायलट आपल्या नोंदी सहकाऱ्याला समजावून देतो: कोणत्या धावपट्टीचं कोणतं टोक पावसात खचतं, कोणत्या गावात गुरं आडवी येतात, कुठल्या डोंगराआड दुपारनंतर वारा खाली ओढतो. मग कुटुंब मायदेशी निघतं. हाताशी काही महिने असतात, कधी जवळजवळ एक वर्ष. ही फर्लो रजा.

कागदावर ती विश्रांतीसाठी असते. प्रत्यक्षात अनेक कुटुंबांसाठी आफ्रिकेतल्या कामापेक्षा हेच महिने जास्त थकवणारे ठरतात, आणि त्याची कारणं या पेशाच्या घडणीतच आहेत.

युद्धातून आलेले पायलट

आजच्या मिशनरी विमानसेवेची मुळं दुसऱ्या महायुद्धात आहेत. युद्धात विमान चालवायला शिकलेल्या काही श्रद्धावंत तरुणांना वाटलं, हेच कसब दुर्गम भागातल्या दवाखान्यांसाठी आणि मिशन केंद्रांसाठी वापरता येईल. १९४५ मध्ये अमेरिकेत त्यांची संघटना उभी राहिली, तीच आजची मिशन एव्हिएशन फेलोशिप, म्हणजे एमएएफ. तिचं पहिलं उड्डाण २३ फेब्रुवारी १९४६ रोजी झालं. बायबल भाषांतराच्या कामाला निघालेल्या दोन प्रवाशांना मेक्सिकोकडे नेणारं ते जुनं वॅको बनावटीचं विमान एका तरुणीने चालवलं होतं. तिचं नाव बेटी ग्रीन. युद्धकाळात ती अमेरिकेच्या महिला वैमानिक दलात होती.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मरे केंडन या न्यूझीलंडच्या वैमानिकाने हीच कल्पना मांडली. जानेवारी १९४८ मध्ये जॅक हेमिंग्ज आणि स्टुअर्ट किंग हे दोघे माइल्स जेमिनी नावाच्या लहानशा लाकडी विमानातून आफ्रिकेची पाहणी करायला निघाले. विमानाची खरी गरज कुठे आहे, हे त्यांना मिशन केंद्रं हिंडून समजून घ्यायचं होतं. त्याच वर्षी बुरुंडीच्या डोंगरात खाली ओढणाऱ्या वाऱ्याने त्यांचं विमान आदळलं आणि मोडलं. दोघेही चालत बाहेर आले. पाहणीचा अहवाल मात्र वाया गेला नाही. १९५० मध्ये सुदानमध्ये काम सुरू झालं आणि दक्षिणेतलं मलाकाल हे त्याचं ठाणं झालं. हेमिंग्ज पुढे शंभरी ओलांडून जगले आणि २०२४ मध्ये वयाच्या १०२व्या वर्षी त्यांनी स्पिटफायरमधून उड्डाण केलं.

सुदानच का, याचं उत्तर विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. दक्षिण सुदानच्या मोठ्या भागात आपल्याकडे आहे तशीच काळी कापसाची जमीन आहे. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते आणि पावसात फुगून असा चिखल होतो की त्यात बैलगाडीही रुतावी आणि ट्रकही. त्यात नाईलच्या सुद्द दलदलीचा अफाट विस्तार. २०११ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे. तिथला पहिला लांब पल्ल्याचा डांबरी महामार्ग, जुबा ते निमुले हा १९२ किलोमीटरचा रस्ता, २०१२ मध्ये पुरा झाला. पावसाळ्याचे कित्येक महिने खेडी तुटलेली असतात. अशा वेळी चारशे-पाचशे मीटरची गवताची पट्टी हाच त्यांचा रस्ता असतो.

बेटी ग्रीन १९५६ मध्ये सुदानला आली, तेव्हा स्त्रीने विमान चालवायला तिथे कायद्याची आडकाठी होती. संसदेकडून परवानगी मिळाल्यावर ती उडाली. तिने लग्न केलं नाही. तिच्या बरोबरीचे बहुतेक वैमानिक मात्र संसारी होते. त्यांच्या बायका-मुलांनी त्याच उन्हात, त्याच मलेरियाच्या मुलखात घर मांडलं. तरीही या विमानसेवेच्या जुन्या कथा वैमानिकांभोवती फिरतात आणि घरातली माणसं त्यांत कडेला दिसतात.

पहाटेची उड्डाणं, दुपारचा रेडिओ

असं घर बहुधा विमानतळाजवळ असतं. नैरोबीचा विल्सन विमानतळ हे पूर्व आफ्रिकेतल्या लहान विमानांचं मोठं केंद्र आहे. एमएएफ आणि आफ्रिका इनलँड मिशनची १९७५ मध्ये सुरू झालेली एआयएम एअर, दोन्ही तिथून उडतात. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटरवर आहे. उंची आणि ऊन यांमुळे हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाची ताकद घटते. जी धावपट्टी सकाळी सहाला पुरते तीच दुपारी दोनला अपुरी पडू शकते. म्हणून पायलट पहाटे निघतो आणि अंधाराआधी परततो, कारण खेड्यातल्या पट्टीवर दिवे नसतात. लेसोथोत हे गणित आणखी अवघड होतं. त्या देशाचा सर्वांत सखल बिंदूसुद्धा १,४०० मीटरवर आहे. एमएएफ तिथे १९८० पासून डोंगरातल्या दवाखान्यांसाठी डॉक्टर आणि रुग्ण नेते-आणते.

यातले बरेच पायलट मेकॅनिकही असतात. शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटने १९४६ मध्ये सुरू केलेल्या विमानशिक्षणाचा पाया हाच होता. जवळ दुरुस्तीची सोय नसलेल्या ठिकाणी ज्याला इंजिन उघडता येत नाही त्याने उडू नये, असा तो विचार. सेसनाच्या उडालेल्या तासांवर कडक नजर असते. ५० तासांच्या आसपास तेलबदल, १०० तासांना तपासणी, ठरलेल्या तासांनंतर संपूर्ण इंजिन खोलून दुरुस्ती. प्रत्येक खिळ्याची नोंद.

सॅटेलाइट ट्रॅकिंग येण्याआधी जमिनीवरून विमानाची खबर ठेवणारा दुवा म्हणजे एचएफ रेडिओ, आणि तो अनेक ठिकाणी पायलटच्या बायकोच्या हाती असे. ठरलेल्या वेळी विमानातून आवाज येई: जागा, उंची, पोहोचण्याची वेळ. ती वहीत लिहून घेई. चुलीवर डाळ, मांडीवर मूल आणि कानाला खरखर. पुढचा आवाज वेळेवर आला नाही तर शोधाची सुरुवात तिलाच करावी लागे. या कामाला पगार नव्हता आणि ते कुणाच्या सेवाकाळात मोजलंही जात नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही माणसं ख्रिस्ताची सुवार्ता सांगायला जातात आणि तसं उघडपणे म्हणतात. त्यांच्या विमानात बायबलचे खोके असतात, पाद्री असतात, आणि त्याच विमानात साप चावलेलं पोर, शल्यविशारद आणि पोषक आहाराची पाकिटंही असतात. २०१८ मध्ये काँगोत इबोला पसरला तेव्हा एमएएफच्या विमानांनी लस आणि आरोग्य पथकं दुर्गम भागांत पोहोचवली. आफ्रिकेतला धर्मप्रसार आणि वसाहतवाद यांच्या नात्याबद्दल तिथल्याच विचारवंतांनी कठोर प्रश्न विचारले आहेत आणि ते रास्त आहेत. त्या प्रश्नांच्या जोडीला त्या विमानाची वाट पाहणारं गावही खरं आहे.

मंडळीसमोर उभं राहणं

रजा सुरू होते आणि पहिल्या रविवारपासून कामही. मिशनरी वैमानिकाला बहुधा कंपनीसारखा पगार नसतो. मायदेशातल्या चर्चच्या मंडळ्या, मित्र, नातेवाईक दरमहा ठरावीक रक्कम देण्याचं वचन देतात आणि त्यावर त्याचं घर चालतं. काही वर्षांत या यादीत गळती होते. कुणी म्हातारं होऊन वारतं, कुणाची नोकरी जाते, एखाद्या मंडळीत नवे पाद्री येतात आणि त्यांचे अग्रक्रम बदलतात. ही यादी पुन्हा उभी केल्याशिवाय परतता येत नाही.

म्हणून कुटुंब गाडीत बसतं. गाडी बहुतेक वेळा कुणीतरी वापरायला दिलेली असते. घरही कुणीतरी दिलेलं, शिवाय तात्पुरतं. एका रविवारी एका राज्यात, पुढच्या रविवारी दुसऱ्या. पूर्वी स्लाइड प्रोजेक्टर असायचा, आता लॅपटॉप. सभागृहाच्या दाराशी टेबल मांडायचं, त्यावर कीटेंगे कापड, वेताच्या टोपल्या, लाकडी हत्ती आणि कुटुंबाचा फोटो छापलेली प्रार्थना-कार्डं. ती कार्डं लोक फ्रिजवर लावतात. मुलांना वर्षानुवर्षं न भेटलेली माणसं नावाने हाक मारतात, कारण त्यांनी फ्रिजवर रोज तो फोटो पाहिलेला असतो. मूल मात्र त्यांना ओळखत नसतं.

पायलटला या सभांत एक अडचण येते. विमान, डोंगर, नदीवरचा सूर्योदय यांचे फोटो सगळ्यांना आवडतात. त्याचं रोजचं काम मात्र इंधनाची ड्रमं, आयात परवाने आणि सुट्या भागांची वाट पाहणं असं असतं. पिस्टन इंजिनाला लागणारं एव्हगॅस आफ्रिकेत दुर्मीळ आणि महाग झालं, म्हणून मिशन संस्था गेली काही दशकं जेट इंधनावर चालणाऱ्या सेसना कॅरव्हॅन आणि कोडियाकसारख्या टर्बोप्रॉप विमानांकडे वळल्या. कोडियाकची रचनाच मिशन संस्थांच्या गरजा विचारात घेऊन झाली आणि २००७ मध्ये त्याला अमेरिकेत प्रमाणपत्र मिळालं. ते ३०० मीटरच्या आत जमीन सोडू शकतं. असं विमान विकत घ्यायला मोठी देणगी मिळू शकते. त्याच विमानाच्या पायलटच्या मुलांच्या शाळेची फी मागताना मात्र जीभ अडखळते.

करांचा हिशेबही वेगळा. परदेशात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाला तिथल्या कमाईवर आयकरात मोठी सूट मिळते. ती मिळण्याचा एक मार्ग म्हणजे सलग १२ महिन्यांत पूर्ण ३३० दिवस देशाबाहेर राहणं. लांब रजेवर आलेल्या कुटुंबाच्या हातून ही अट सुटू शकते, म्हणून आजीच्या घरी किती दिवस राहायचं हे ठरवताना कॅलेंडरशेजारी कर सल्लागाराचा कागद ठेवावा लागतो.

मग दवाखाने. दात, डोळे, क्षयरोगाची चाचणी, जंतांची तपासणी. रजेवर आलेल्या मुलाला ताप आला की आई आधी मलेरियाचा विचार करते, आणि तिथल्या डॉक्टरला कदाचित फ्लू सुचतो, कारण त्याने मलेरियाचा रुग्ण क्वचितच पाहिलेला असतो. फॅल्सिपेरम मलेरिया आफ्रिका सोडल्यावर काही आठवड्यांनीही उसळू शकतो आणि उपचाराला उशीर झाला तर जीव घेतो. रक्ताची काच तपासा असा हट्ट आईला धरावा लागतो. प्रतिबंधक गोळ्यांतही या घराला वेगळा नियम असतो. मेफ्लोक्विनचे मेंदूवर आणि मनावर होणारे परिणाम लक्षात घेऊन ते वैमानिकांना दिलं जात नाही.

पायलटची स्वतःचीही तपासणी असते. अमेरिकन परवान्यावर उडणाऱ्याला दर २४ महिन्यांत प्रशिक्षकासोबत उड्डाणाचा आढावा द्यावा लागतो. एमएएफच्या अमेरिकन शाखेचं मुख्यालय २००६ पासून आयडाहो राज्यातल्या नॅम्पा इथे आहे. त्या राज्याच्या डोंगराळ अरण्यात अरुंद, उताराच्या, एकच बाजू मोकळी असलेल्या धावपट्ट्या आहेत, म्हणून आफ्रिकेच्या सरावाला तो मुलूख सोयीचा. मुख्यालयात सिम्युलेटर आहे, प्रशिक्षक आहेत, चुकांची चर्चा मोकळेपणाने होते. पायलटला कुठे सुधारायला हवं हे लेखी सांगितलं जातं.

घरातल्या इतरांची अशी तपासणी मात्र कित्येक दशकं कुणी केली नाही.

मुलं कुठली?

नैरोबीच्या वायव्येला, रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर किजाबे नावाचं गाव आहे. तिथे १९०६ मध्ये मिशनरी मुलांसाठी रिफ्ट व्हॅली अकॅडमी सुरू झाली. १९०९ मध्ये शिकारीच्या दौऱ्यावर आलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी तिच्या इमारतीची कोनशिला बसवली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत पसरलेल्या मिशन केंद्रांतून मुलं तिथे येत राहिली. तीन महिने शाळा, एक महिना घर, पुन्हा तीन महिने शाळा. विमान आलं तसं सुट्टीला घरी जाणं सोपं झालं. कित्येक मुलांच्या लेखी 'बाबांचं विमान' म्हणजे आधी शाळेतून घरी नेणारं विमान.

ही रीत मराठी मुलखालाही ठाऊक आहे. अमेरिकन मिशनऱ्यांचं भारतातलं पहिलं कायमचं केंद्र १८१३ मध्ये मुंबईत उभं राहिलं आणि पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून अहमदनगर, वडाळा, सोलापूरपर्यंत पसरलं. त्याचे एक संस्थापक गॉर्डन हॉल यांची पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेला निघून गेली. हॉल कामासाठी मागे थांबले आणि मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने वारले. कुटुंबाची गाठ पुन्हा पडली नाही. पुढच्या पिढ्यांतल्या मिशनरी घरांनी मुलांना १९०१ मध्ये सुरू झालेल्या कोडाइकनालच्या शाळेत धाडलं. मराठीत भांडणारी ही गोरी मुलं फर्लोवर अमेरिकेला जात, तेव्हा प्रवासात कित्येक आठवडे जहाजावर जात. एक जग मागे पडायला आणि दुसरं जवळ यायला तेवढा अवधी मिळे. आई पत्रं लिही, मुलांकडून आजोळच्या माणसांची नावं पाठ करून घेई.

जेट विमानाने हा मधला अवधी काढून घेतला. सोमवारी सकाळी किजाबेच्या थंडीत उठलेलं मूल मंगळवारी रात्री अमेरिकेतल्या चुलतभावाच्या खोलीत झोपतं. त्याला शाळेत राष्ट्रध्वजासमोर उभं राहून म्हणायची प्रतिज्ञा पाठ नसते. ते मोठ्यांना वाकून 'शिकामो' म्हणायला शिकलेलं असतं, आणि इथे मुलं शिक्षकाशी बसल्या जागेवरून बोलतात. कुठला कार्यक्रम, कुठला खेळाडू, कुठले बूट याचं अख्खं ज्ञान त्याच्यापाशी नसतं. धाकट्या बहिणीशी स्वाहिलीत कुजबुजण्याची सोय तेवढी उरते. बाहेरून ते मूल वर्गातल्या इतरांसारखंच दिसतं, म्हणून त्याची अडचण कुणाला दिसत नाही. नैरोबीत ते परकं होतं हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. मायदेशात परकं वाटणं हा मात्र त्याला स्वतःचाच दोष वाटू लागतो.

या मुलांचा अभ्यास भारतातून सुरू झाला, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. १९५० च्या दशकात रूथ हिल यूसीम आणि जॉन यूसीम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दांपत्य भारतात राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करत होतं. आई-वडिलांची एक संस्कृती, भोवतालची दुसरी, आणि या दोन्हींच्या मधे परदेशस्थांनी जगून घडवलेली तिसरी. त्या तिसरीत वाढणाऱ्या मुलांना रूथ यूसीम यांनी 'थर्ड कल्चर किड्स' म्हटलं. १९६३ मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी आणखी एक गोष्ट मांडली: परदेशात गेल्यावर मन जसं आधी उमेदीने भरतं, मग कोसळतं आणि सावरतं, तसाच दुसरा उतार मायदेशी परतल्यावरही येतो.

मिशन संस्थांनी हे मनावर घ्यायला आणखी बराच काळ गेला. या बदलात मुलांच्याच लेखनाचा वाटा मोठा आहे. नायजेरियात जन्मलेल्या रूथ व्हॅन रेकन यांना वयाच्या सहाव्या वर्षी बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. मोठेपणी त्यांनी त्या लहान मुलीने आई-वडिलांना कधीच न धाडलेली पत्रं पुस्तकरूपात लिहिली. डेव्हिड पोलॉक यांच्यासोबत त्यांनी थर्ड कल्चर मुलांवर लिहिलेलं पुस्तक १९९९ मध्ये आलं. पोलॉक यांनी निरोपाची साधी कामं ठरवून दिली: निघण्याआधी भांडणं मिटवा, ज्यांनी जीव लावला त्यांना तसं सांगा, माणसांचाच नव्हे तर जागांचा आणि प्राण्यांचाही निरोप घ्या, आणि जिथे जायचं तिथल्या आयुष्याचा आधी विचार करा. कुत्र्याला शेजारी सोडताना मुलाला घाईने गाडीत बसवू नये, एवढी साधी गोष्ट. ती शिकवण्यासाठी आता शिबिरं होतात.

काही ठिकाणी हे शहाणपण फार मोठी किंमत देऊन आलं. गिनीमधल्या मामू इथल्या मिशन बोर्डिंग शाळेत १९५० ते १९७१ या काळात शिकलेल्या अनेकांनी मोठेपणी तिथल्या छळाबद्दल आणि लैंगिक अत्याचाराबद्दल बोलायला सुरुवात केली. पहिली काही वर्षं त्यांना टाळलं गेलं. त्यांनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेला स्वतंत्र चौकशी आयोग नेमावा लागला, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या आयोगाने तक्रारींत तथ्य असल्याचं सांगितलं. देवाचं काम मोठं, म्हणून मुलांनी तक्रार करू नये, हा त्या घरांतला अलिखित नियम होता. फर्लोवर घरी आलेल्या मुलांना आजीपाशीही तो मोडता आला नाही.

आज अनेक मिशन कुटुंबं लहान मुलांना घरीच शिकवतात किंवा जवळच्या शाळेत घालतात. बोर्डिंगमध्ये बालसुरक्षेचे नियम आले, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाते. रजेवर आलेल्या मुलांशी स्वतंत्रपणे, आई-वडिलांना बाहेर बसवून बोलायची पद्धतही अनेक संस्थांत रुजली आहे. हे सगळं आधी व्हायला हवं होतं.

न ठरवता परतणं

फर्लो ठरवून येते. काही परतणी मात्र एका रात्रीत येतात, तेव्हा २३ किलोच्या बॅगाही भरता येत नाहीत. १९६४ मध्ये सुदानच्या लष्करी सरकारने दक्षिणेतल्या परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं. ५ सप्टेंबर २००२ रोजी पूर्व काँगोतल्या न्यान्कुंदे इथे सशस्त्र टोळ्यांनी मिशन रुग्णालयावर आणि गावावर हल्ला केला. एक हजाराहून अधिक माणसं मारली गेली. एमएएफचं ठाणं त्याच गावात होतं. जीव वाचलेल्या परदेशी कुटुंबांना मायदेश होता. काँगोतल्या सहकाऱ्यांना तो पर्याय नव्हता, ते जंगलातून चालत निघाले. अशा कुटुंबाच्या रजेत थकव्यापेक्षा मागे राहिलेल्यांची टोचणी मोठी असते, आणि रविवारच्या सभेत ती बोलायला जागा नसते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मोझांबिकमध्ये एका मिशनरी वैमानिकाला अटक झाली. तो उत्तरेकडच्या काबो देलगादो प्रांतातल्या अनाथालयांसाठी सामान नेण्याच्या तयारीत होता. त्या प्रांतात बंडखोरी चालू असल्याने बंडखोरांना मदत केल्याचा संशय घेतला गेला. चार महिन्यांहून जास्त काळ तो तुरुंगात होता आणि मार्च २०२३ मध्ये सुटला. तेवढे दिवस त्याच्या कुटुंबाला वकील, दूतावास, पत्रकार आणि जगभर प्रार्थना करणारी अनोळखी माणसं, सगळ्यांना सामोरं जावं लागलं. अशा प्रसंगानंतर घरी आलेल्या माणसाकडून लगेच सभेत अनुभव सांगण्याची अपेक्षा होऊ नये. त्याला आधी समुपदेशक मिळायला हवा.

परतीची तिकिटं

आता चित्र बदलतं आहे. आफ्रिकेतल्या मिशनरी विमानसेवांत स्थानिक पायलट, इंजिनिअर आणि व्यवस्थापक पुढे येत आहेत. त्यांचं घर तिथेच आहे, त्यांना फर्लो लागत नाही. परदेशी पायलटसाठी अमेरिकेतली मंडळी महिन्याला पैसे पाठवते. तितक्याच कुशल केनियन किंवा काँगोली पायलटच्या मुलांच्या फीसाठी अशी यादी कोण उभी करणार, हा प्रश्न मिशन संस्थांना टाळता येणार नाही. विमानसेवा आफ्रिकेची व्हायची असेल तर पैसाही त्या वाटेने वळवावा लागेल.

आणि ज्या परदेशी कुटुंबांची रजा संपते त्यांच्यापुढे एक प्रश्न दर काही वर्षांनी येतोच. थोरलं मूल १८ वर्षांचं झालेलं असतं. ते कॉलेजसाठी मागे राहणार आणि बाकीचे परतणार. त्याच्याकडे बँकेचं खातं नसतं, हिवाळ्याचा कोट नसतो, गाडी चालवायचा परवाना नसतो. नाताळात वसतिगृह रिकामं होतं तेव्हा राहायला जागा नसते, आणि आजारी पडलं तर रुग्णालयात कुणाचा फोन नंबर लिहायचा तेही ठरलेलं नसतं. आई-वडील ज्या गावी परतलेले असतात तिथे फोनची रेंज पावसावर अवलंबून असते.

कॅरव्हॅनचं इंजिन ३,६०० तासांनी पूर्ण खोलून दुरुस्त करावं लागतं. त्या खर्चासाठी प्रत्येक उडालेल्या तासामागे रक्कम बाजूला टाकली जाते. पहिल्याच उड्डाणापासून ती कापली जाते आणि देणगीदारांनाही तसं सांगितलं जातं. मागे राहणाऱ्या मुलासाठी, रेडिओवर आयुष्य घालवलेल्या बाईच्या निवृत्तीसाठी, परतल्यावरच्या समुपदेशनासाठी अशी रक्कम अंदाजपत्रकात पहिल्या महिन्यापासून असायला हवी. ती मागायची जबाबदारी पायलटच्या बायकोवर टाकू नये. संस्थेनेच ती मंडळ्यांसमोर मांडावी, विमानाच्या फोटोंच्या आधी. आणि थोरल्याची नाताळची सुट्टी कुणाकडे जाणार हे लेखी ठरल्याशिवाय बाकीच्यांची परतीची तिकिटं काढू नयेत.